घटक ७ : जपानमधील अल्पखर्ची निवास आणि माहितीपर प्रवासलेखन

अनुक्रम

७.० उद्दिष्टे
७.१ प्रास्ताविक
७.२ विषय-विवेचन
 ७.२.१ जुन्या वाटांवरील मुक्काम
 ७.२.२ बिझनेस हॉटेल
 ७.२.३ कॅप्सूल हॉटेल
 ७.२.४ मिन्शुकु आणि शुकुबो
 ७.२.५ स्वस्त खोलीची दुसरी बाजू
 ७.२.६ मुक्कामाविषयी कसे लिहावे?
७.३ सारांश
७.४ शब्दार्थ
७.५ स्वयं-अध्ययन प्रश्नांची उत्तरे
७.६ सरावासाठी स्वाध्याय
७.७ क्षेत्रीय कार्य

७.० उद्दिष्टे

हा घटक अभ्यासल्यानंतर तुम्हांला :

* जपानमधील अल्पखर्ची निवासाचे प्रमुख प्रकार व त्यांतील फरक सांगता येतील.
* प्रत्येक प्रकार कोणत्या सामाजिक गरजेतून निर्माण झाला, हे स्पष्ट करता येईल.
* स्वस्त खोली प्रवाशाला आणि गरजूला वेगवेगळी का भासते, याचे विवेचन करता येईल.
* प्रवासलेखनातील प्रतिक्रिया, माहिती आणि जाण यांत भेद करता येईल.
* परिचयाच्या एखाद्या निवासस्थानाविषयी माहितीपर लेख लिहिता येईल.

७.१ प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, मराठी प्रवासवर्णनाच्या वाटचालीत मुक्कामाला महत्त्वाचे स्थान आहे. गोडसे भटजींच्या 'माझा प्रवास' या ग्रंथात १८५७ च्या धामधुमीत उत्तरेकडे गेलेला एक भिक्षुक आपल्याला भेटतो. रात्र कोठे काढावी, ही त्याच्यापुढील रोजची अडचण असते. पु. ल. देशपांडे यांच्या 'पूर्वरंग'मधून मराठी वाचकाला जपानचे दर्शन घडले. आजचा मराठी प्रवासी जपानला जातो तेव्हा त्याच्या खर्चाचा मोठा वाटा निवासावर होतो. त्यामुळे माफक दरात राहावे कोठे, हा प्रश्न प्रवासाची आखणी करतानाच उभा राहतो.

या विषयावरील पुष्कळसे लेखन 'खोली फार लहान होती, पण स्वच्छ होती' या एका वाक्यापाशी थांबते. हे वाक्य खोटे नाही, परंतु अपुरे आहे. खोली लहान का? ती कोणासाठी बांधली गेली? तिच्यात पूर्वी कोण राहत होते आणि आज कोण राहते? हे प्रश्न विचारले की चार भिंतींची ती खोली एका समाजाची माहिती देऊ लागते. या घटकात आपण जपानमधील अल्पखर्ची निवासाचा परिचय करून घेणार आहोत. त्याचबरोबर, अशा विषयावर जबाबदारीने कसे लिहावे याचाही विचार करणार आहोत.

७.२ विषय-विवेचन

७.२.१ जुन्या वाटांवरील मुक्काम

जपानमधील निवासव्यवस्था समजून घेण्यासाठी एदो काळातील महामार्गांपासून आरंभ करणे सोयीचे ठरते. एदो म्हणजे आजचे तोक्यो. तेथून क्योतोला जाणाऱ्या तोकाइदो या सुमारे ५०० किलोमीटरच्या मार्गावर ५३ मुक्कामाची ठाणी होती. १६३५ मध्ये शोगुन शासनाने सरदारांना ठरावीक काळ एदोत येऊन राहण्याचा नियम घालून दिला. त्यामुळे या वाटांवर सरदारांच्या लवाजम्यांची सतत ये-जा सुरू झाली. व्यापारी, यात्रेकरू आणि हमाल हेही याच वाटेने जात.

ठाण्यावर उतरण्याच्या जागा प्रवाशाच्या दर्जाप्रमाणे ठरलेल्या असत. 'होन्जिन' ही सरदार व मोठ्या अधिकाऱ्यांची उतरण्याची जागा. सामान्य प्रवाशाला राहणे आणि जेवण दोन्ही देणारी ती 'हातागो'. ज्याला एवढे परवडत नसे तो 'किचिन-यादो'कडे वळे. या शब्दातील 'कि' म्हणजे लाकूड, 'चिन' म्हणजे मोल आणि 'यादो' म्हणजे निवारा. प्रवासी आपला शिधा बरोबर आणत असे, तो शिजवण्यासाठी लागणाऱ्या सरपणाचे पैसे देत असे आणि इतरांसोबत एकाच छपराखाली झोपत असे.

शिधा बांधून यात्रेला निघणे आणि धर्मशाळेच्या पडवीत तीन दगडांची चूल मांडणे आपल्याकडे अपरिचित नाही. मात्र साम्य दिसले तरी दोन्ही गोष्टी एकच मानू नयेत. धर्मशाळेच्या मुळाशी दानाची कल्पना असते. किचिन-यादो हा व्यवसाय होता आणि त्यात मोल होते ते सरपणाचे. 'जे वापराल त्याचेच पैसे द्या' हे तत्त्व जपानच्या अल्पखर्ची निवासात आजही आढळते. अनेक ठिकाणी न्याहारी, टॉवेल किंवा कपडे धुण्याचे यंत्र यांचे पैसे वेगळे द्यावे लागतात. त्यामागे कंजूषपणा पाहण्यापेक्षा ही जुनी रीत लक्षात घ्यावी.

> स्वयं-अध्ययन प्रश्न – १
> (अ) रिकाम्या जागा भरा.
> १. तोकाइदो मार्गावर ______ ठाणी होती.
> २. सरदारांच्या उतरण्याच्या जागेस ______ म्हणत.
> (आ) एका वाक्यात उत्तर लिहा.
> किचिन-यादोमध्ये प्रवासी कशाचे पैसे देत असे?

७.२.२ बिझनेस हॉटेल

१९६४ हे वर्ष आधुनिक जपानच्या इतिहासात महत्त्वाचे आहे. त्या वर्षी तोक्यो येथे ऑलिंपिक स्पर्धा झाल्या आणि १ ऑक्टोबर रोजी तोक्यो–ओसाका ही शिंकान्सेन रेल्वे सुरू झाली. पाहुण्यांसाठी नवी हॉटेले घाईने उभी राहत होती. हॉटेल न्यू ओतानी या मोठ्या हॉटेलात हजाराहून अधिक स्नानगृहे हवी होती. प्रत्येक स्नानगृहात गवंडीकाम, नळकाम आणि फरश्या असे सगळे जागेवर करायचे म्हटले, तर हॉटेल वेळेत पूर्ण होणे अशक्य होते. त्यासाठी आज 'तोतो' नावाने ओळखल्या जाणाऱ्या कंपनीने न्हाणीचे भाग कारखान्यातच तयार करून, ते आणून बसवण्याची पद्धत काढली. यालाच 'युनिट बाथ' म्हणतात. टब, वॉशबेसिन आणि शौचकूप एकाच साच्यातील लहानशा कोठडीत बसवलेले असतात.

श्रीमंतांच्या हॉटेलासाठी काढलेली ही युक्ती पुढे साध्या प्रवाशाच्या उपयोगी पडली. कंपनीच्या कामासाठी गावोगाव फिरणारा नोकरदार हा त्या काळातील नवा प्रवासी होता. त्याला स्थानकाजवळ एक पलंग, न्हाणी, मेज आणि सकाळी लवकर निघण्याची सोय एवढेच हवे होते. याच गरजेतून 'बिझनेस हॉटेल' हा प्रकार वाढला. येथील एकट्याची खोली पुष्कळदा १२ चौरस मीटरच्या आसपास असते. पाणी उकळण्याची किटली, झोपताना घालायचे कपडे आणि सपाता खोलीत किंवा तळमजल्यावर मिळतात. नाण्यांवर चालणारे कपडे धुण्याचे यंत्र सामाईक असते. १९८६ मध्ये तोक्योच्या कामाता भागात सुरू झालेली तोयोको इन ही साखळी या प्रकाराचे ठळक उदाहरण आहे. तिच्या दरातच साधी न्याहारी धरलेली असते आणि तिच्या हॉटेलांच्या व्यवस्थापकपदी बहुतांशी स्त्रिया आहेत.

प्रवाशाने काही गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. जपानमध्ये खोलीचा दर पुष्कळदा माणशी सांगितला जातो, त्यामुळे आरक्षण करताना माणसांची खरी संख्या नोंदवणे आवश्यक असते. 'सेमी-डबल' म्हणून मिळणारा पलंग साधारण १२० सेंटिमीटर रुंद असतो, दोन प्रौढांना तो अपुरा वाटू शकतो. धूम्रपानाच्या खोल्या वेगळ्या असतात, म्हणून निवड आधीच करावी. खोली सहसा दुपारी तीनच्या सुमारास मिळते आणि सकाळी दहा-अकरापर्यंत सोडावी लागते, मात्र सामान स्वागतकक्षात ठेवून घेतात. जपानमध्ये पत्ता नसलेल्या परदेशी प्रवाशाला पारपत्र दाखवावे लागते आणि त्याची प्रत ठेवून घेतली जाते. एप्रिलअखेर ते मेच्या आरंभीचा सुट्ट्यांचा आठवडा, ऑगस्टच्या मध्यावरचा ओबोन सण, नववर्ष आणि साकुराचा बहर या काळात, तसेच शनिवारच्या रात्री दर वाढतात.

७.२.३ कॅप्सूल हॉटेल

बिझनेस हॉटेलात खोली लहान झाली. कॅप्सूल हॉटेलात खोली हा घटकच वगळला गेला आणि फक्त झोपण्याची जागा उरली. किशो कुरोकावा हे वास्तुरचनाकार 'मेटाबोलिझम' या चळवळीचे प्रवर्तक होते. सजीवाच्या शरीरातील पेशींप्रमाणे इमारतीचे भागही बदलता यावेत, असे या चळवळीचे म्हणणे होते. त्यांनी तोक्योच्या गिन्झा भागात उभारलेला नाकागिन कॅप्सूल टॉवर १९७२ मध्ये पूर्ण झाला. त्यात १४० कॅप्सूल होते. ठरावीक वर्षांनी जुने कॅप्सूल काढून नवे बसवायचे, अशी योजना होती. ती कधीच अमलात आली नाही आणि २०२२ मध्ये ती इमारत उतरवण्यात आली.

कॅप्सूल हॉटेलचा जन्म मात्र अधिक व्यावहारिक गरजेतून झाला. ओसाकाच्या उमेदा भागातील एका सौना-स्नानगृहात शेवटची गाडी चुकलेले नोकरदार रात्र काढत. त्यांना जमिनीवर पडलेले पाहून, त्यांच्यासाठी झोपण्याची नीट सोय करावी असे चालकाला वाटले आणि रचनेचे काम कुरोकावा यांच्याकडे आले. १९७९ मध्ये 'कॅप्सूल इन ओसाका' सुरू झाले. कॅप्सूल साधारण दोन मीटर लांब, एक मीटर रुंद आणि एक मीटर उंच असतो. त्यात बसता येते, उभे राहता येत नाही. दिवा, घड्याळ व हवेची सोय आत असते. दोन ओळी एकावर एक रचलेल्या असतात.

येथे उतरण्याचा क्रम ठरलेला आहे. प्रथम दारात बूट काढून लहान खणात ठेवायचे आणि त्याची किल्ली स्वागतकक्षात द्यायची. बदल्यात सामानाच्या कपाटाची किल्ली मिळते. कपडे बदलायचे, सामाईक स्नानगृहात आंघोळ करायची आणि मग आपल्या क्रमांकाच्या कॅप्सूलमध्ये शिरायचे. कॅप्सूलला कुलूप नसते, केवळ पडदा असतो. म्हणून मौल्यवान वस्तू कपाटातच ठेवाव्यात. आरंभी ही हॉटेले फक्त पुरुषांसाठी होती. आता अनेक ठिकाणी स्त्रियांसाठी स्वतंत्र मजले आहेत, तरीही आरक्षणापूर्वी खात्री करून घ्यावी. सलग दोन रात्री राहायचे असले तरी दिवसा स्वच्छतेसाठी जागा रिकामी करावी लागते, असा नियम पुष्कळ ठिकाणी असतो. आजारी, गुडघेदुखीने त्रस्त अथवा बंदिस्त जागेत घुसमटणाऱ्या व्यक्तीने हा पर्याय टाळणे इष्ट.

> स्वयं-अध्ययन प्रश्न – २
> (अ) चूक की बरोबर ते सांगा.
> १. युनिट बाथची पद्धत प्रथम कॅप्सूल हॉटेलसाठी काढण्यात आली.
> २. पहिले कॅप्सूल हॉटेल ओसाका येथे सुरू झाले.
> ३. कॅप्सूलला आतून कुलूप लावता येते.
> (आ) दोन-तीन वाक्यांत उत्तर लिहा.
> कॅप्सूल हॉटेल कोणत्या गरजेतून निर्माण झाले?

७.२.४ मिन्शुकु आणि शुकुबो

शहराबाहेर पडल्यावर निवासाचे वेगळे रूप दिसते. 'मिन्शुकु' म्हणजे कुटुंबाने आपल्या घरात चालवलेली पाहुण्यांची सोय. कोकणात रस्त्याच्या कडेला 'घरगुती राहण्याची व जेवणाची सोय' अशा पाट्या दिसतात, त्यांवरून या प्रकाराची कल्पना करता येईल. नागानो प्रांतातील त्सुमागो हे जुन्या महामार्गावरचे ठाणे आज जतन करून ठेवलेले आहे आणि तेथे अशा घरांत राहता येते. खोलीत तातामी, म्हणजे गवती चटया अंथरलेल्या असतात. त्यांवर फुतोन हा गादीचा संच घालायचा आणि सकाळी घडी करून ठेवायचा. मिन्शुकुमध्ये हे काम बहुधा पाहुण्यानेच करायचे असते. 'ऱ्योकान' या पारंपरिक पांथस्थगृहात ते काम सेवक करतात. तेथील सेवा अधिक, त्यामुळे खर्चही अधिक.

जेवणाची व स्नानाची वेळ ठरलेली असते. स्नानाची रीत नवख्याला आधी सांगावी लागते. टबाबाहेर बसून अंग साबणाने स्वच्छ धुवायचे आणि मगच गरम पाण्यात उतरायचे. तेच पाणी पुढच्यांनीही वापरायचे असते, म्हणून त्यात साबण मिसळू द्यायचा नाही आणि बाहेर येताना ते सोडूनही द्यायचे नाही.

'शुकुबो' म्हणजे मंदिरातील निवास. कुकाई या बौद्ध आचार्यांनी ८१६ मध्ये कोयासान पर्वतावर शिंगोन पंथाचे केंद्र स्थापन केले. तेथील पन्नासेक मंदिरांत यात्रेकरूंची व प्रवाशांची राहण्याची सोय आहे. पाहुण्याला पहाटेच्या उपासनेस बसता येते. 'शोजिन र्‍योरी' हे तेथील शाकाहारी जेवण होय. शाकाहारी मराठी प्रवाशाला याचे महत्त्व अधिक आहे, कारण जपानमध्ये भाज्यांच्या पदार्थातही 'दाशी' या रसाच्या रूपाने बहुधा सुकवलेला मासा आलेला असतो. शोजिन र्‍योरीमध्ये हा रस समुद्रशैवाल व अळंब्यांपासून करतात. मात्र दोन्ही वेळचे जेवण दरात असल्याने शुकुबोचा खर्च बिझनेस हॉटेलाहून पुष्कळ अधिक होऊ शकतो. मंदिर म्हणजे स्वस्त, हे आपल्या सवयीचे समीकरण येथे लागू पडत नाही.

७.२.५ स्वस्त खोलीची दुसरी बाजू

आतापर्यंत आपण प्रवाशाच्या दृष्टीने विचार केला. परंतु स्वस्त खोली केवळ प्रवाशासाठी नसते. हा या घटकातील सर्वांत महत्त्वाचा भाग आहे.

जपानी भाषेत 'दोया' असा एक शब्द आहे. 'यादो' या शब्दाची अक्षरे उलटी केली की 'दोया' होते. रोजंदारीवर काम करणारे मजूर ज्या हलक्या प्रतीच्या खोल्यांत राहत, त्यांना हे नाव मिळाले. ज्याला निवारा म्हणवत नाही तो हा उलटा निवारा, असा या शब्दाचा भाव आहे. भाषा समाजाचे वास्तव कसे टिपते, याचे हे उदाहरण भाषेच्या विद्यार्थ्याने नोंदवून ठेवण्याजोगे आहे.

तोक्योमधील सान्या आणि ओसाकातील कामागासाकी या अशा प्रमुख वस्त्या. सान्याच्या परिसरात पूर्वी किचिन-यादो होत्या, म्हणजे महामार्गावरील गरीब प्रवाशाचा निवाराच पुढे मजुराचा निवारा झाला. युद्धोत्तर काळात रस्ते, रेल्वे, १९६४ च्या ऑलिंपिकची क्रीडागृहे आणि १९७० च्या ओसाका प्रदर्शनाची बांधकामे यांसाठी हजारो माणसे खेड्यांतून आली. ती पहाटे कामाच्या शोधात उभी राहत आणि रात्री तीन तातामींच्या खोलीत परतत. तीन तातामी म्हणजे सुमारे पाच चौरस मीटर. १९६१ मध्ये कामागासाकीत मोठा उद्रेक झाला. १९६६ मध्ये पत्त्यांच्या फेररचनेत 'सान्या' हे नाव नकाशावरून गेले आणि त्याच वर्षी कामागासाकीला 'आइरिन' हे सरकारी नाव मिळाले. नावे बदलली, वस्त्या राहिल्या. सान्याच्या टोकाला असलेला चौक आजही 'नामिदाबाशी', म्हणजे अश्रूंचा पूल, या नावाने ओळखला जातो. वधस्थळाकडे नेल्या जाणाऱ्या कैद्यांची आप्तांशी ताटातूट येथे होत असे, असे सांगतात.

१९९० नंतर जपानी अर्थव्यवस्थेची तेजी ओसरली. बांधकामे घटली आणि मजूर म्हातारे झाले. दोयांत आता सरकारी साहाय्यावर जगणारे वृद्ध राहू लागले. काही मालकांनी आपल्या इमारती परदेशी पाठपिशवीवाल्या प्रवाशांसाठी खुल्या केल्या. २००२ च्या विश्वचषक फुटबॉल स्पर्धेच्या सुमारास या बदलाला वेग आला. म्हणून आज तोक्योत अत्यंत स्वस्त खोली शोधणारा प्रवासी नकळत सान्यामध्ये येऊन पोचण्याची शक्यता असते. भिंतीपलीकडे ज्या इमारतींचे काँक्रीट त्याने शहरात पाहिले, ते ओतणारा माणूस राहत असू शकतो.

नव्या पिढीतही ही दुसरी बाजू दिसते. रात्रभर उघड्या असणाऱ्या इंटरनेट व मांगा कॅफेंत लहान कप्पे असतात. प्रवासी तेथे गंमत म्हणून एखादी रात्र काढतो. परंतु घर नसल्याने अशा जागी राहणाऱ्यांची संख्या २००७ मध्ये जपानच्या आरोग्य, श्रम व कल्याण मंत्रालयाने पाहणी करून सुमारे ५,४०० इतकी अंदाजली होती. वृत्तपत्रांनी त्यांना 'नेटकॅफे निर्वासित' म्हटले. त्यांतील अनेक जण काम करत होते. घर भाड्याने घेताना लागणारी अनामत व जामीनदार यांची सोय त्यांच्याकडे नव्हती. रोजचे थोडे पैसे देता येतात, पण एकरकमी मोठी रक्कम उभी करता येत नाही, ही अडचण आपल्याकडील शहरांत भाड्याची खोली शोधलेल्या वाचकाला समजावून सांगावी लागणार नाही.

कायद्याकडे पाहिल्यास ही गुंतागुंत अधिक स्पष्ट होते. १९४८ च्या निवासव्यवसाय कायद्यात 'साधे निवासस्थान' या अर्थाचा एक वर्ग आहे. पुष्कळांनी मिळून जागा वापरण्याची सोय, असे त्याचे स्थूल स्वरूप आहे. कॅप्सूल हॉटेल, प्रवाशांचे वसतिगृह, बहुतेक मिन्शुकु आणि दोया हे सर्व याच वर्गात मोडतात. कागदोपत्री एकच असलेल्या या जागा राहणाऱ्याच्या परिस्थितीनुसार साहस, सोय किंवा नाइलाज ठरतात.

> स्वयं-अध्ययन प्रश्न – ३
> (अ) 'दोया' हा शब्द कसा तयार झाला?
> (आ) १९९० नंतर दोयांच्या उपयोगात कोणता बदल झाला? (तीन-चार वाक्ये)

७.२.६ मुक्कामाविषयी कसे लिहावे?

पुढील दोन उतारे अभ्यासासाठी रचले आहेत. ते लक्षपूर्वक वाचा.

उतारा अ : 'खोली पाहून आम्हांला हसूच आवरेना. काडेपेटीत काड्या ठेवाव्यात तशी माणसे ठेवलेली! हे जपानी लोक असे कसे राहतात कोण जाणे. स्वच्छता मात्र वाखाणण्याजोगी. एका रात्रीची मौज म्हणून ठीक.'

उतारा ब : 'रात्री साडेअकराला कॅप्सूलच्या त्या मजल्यावर बोलण्याचा आवाज नव्हता. माझ्या खालच्या कॅप्सूलसमोर एकाने आपला कोट खुंटीला नीट अडकवला, उद्याचा सदरा घडी करून ठेवला आणि पडदा ओढला. पहाटे सहाला मी उठलो तेव्हा तो गेला होता. सदरा नव्हता, कोट नव्हता, अंथरूण होते तसे सारखे केलेले होते.'

पहिल्या उताऱ्यात लेखकाची प्रतिक्रिया आहे. त्यातून आपल्याला लेखकाविषयी थोडे कळते, जागेविषयी जवळजवळ काहीच कळत नाही. 'जपानी लोक' असा सरसकट उल्लेख करून एका हॉटेलातील सोय संपूर्ण समाजाची राहणी म्हणून मांडली आहे. दुसऱ्या उताऱ्यात मत नाही. वेळ, क्रम आणि कृती आहेत. त्या माणसाची दिनचर्या, शिस्त आणि घाई वाचकाला आपोआप कळते. तो सुखी की दुःखी हे लेखकाला माहीत नाही आणि म्हणून तो तसे सांगतही नाही. स्वतःला जेवढे दिसले तेवढेच प्रामाणिकपणे सांगण्याला येथे 'जाण' असे म्हटले आहे.

अशा लेखनासाठी पुढील मुद्दे उपयोगी पडतील.

१. दर लिहिताना वर्ष व ऋतू नोंदवा. निवासाचे दर लवकर बदलतात. वर्ष नसलेला आकडा वाचकाची दिशाभूल करतो.

२. मापे तुलनेने समजावून द्या. जपानमध्ये खोली तातामींच्या संख्येने मोजतात. आपल्याकडे जुने घर खणांनी मोजले जाई. 'सहा तातामींची खोली' म्हटल्यावर आपल्या वाचकाच्या मनात जागा उभी राहील असे माप शेजारी द्यावे.

३. शब्दांची छटा ओळखा. 'स्वस्त', 'माफक', 'अल्पखर्ची', 'हलक्या प्रतीचे' हे शब्द एकमेकांऐवजी वापरता येत नाहीत. 'माफक' शब्दात दराविषयी समाधान आहे, 'हलक्या प्रतीचे' यात तुच्छता येऊ शकते. तसेच मिन्शुकुला 'खानावळ' वा ऱ्योकानला 'धर्मशाळा' म्हटल्यास अर्थ बिघडतो. मूळ शब्द ठेवून त्याचे थोडक्यात स्पष्टीकरण द्यावे.

४. गरिबीचा देखावा करू नका. सान्यासारख्या वस्तीत राहणाऱ्यांची छायाचित्रे परवानगीवाचून घेणे अनुचित आहे. लेखनालाही हाच नियम लागू होतो. दयेचा उमाळा आणि थट्टा या दोन्हींमुळे समोरचा माणूस दिसेनासा होतो.

५. स्वतःचे स्थान ओळखा. प्रवाशाजवळ परतीचे तिकीट असते. भिंतीपलीकडच्या माणसाजवळ ते असेलच असे नाही. हा फरक लेखनात प्रत्येक वेळी बोलून दाखवण्याची गरज नसते, पण लिहिताना तो विसरून चालत नाही.

७.३ सारांश

जपानमधील अल्पखर्ची निवासाची मुळे एदो काळातील किचिन-यादोपर्यंत पोचतात. १९६४ नंतर युनिट बाथमुळे आणि फिरत्या नोकरदाराच्या गरजेमुळे बिझनेस हॉटेल वाढले. १९७९ मध्ये ओसाका येथे शेवटची गाडी चुकलेल्यांसाठी कॅप्सूल हॉटेल सुरू झाले. मिन्शुकु व शुकुबो यांतून घरगुती आणि धार्मिक जीवनाचा परिचय होतो. दोया आणि इंटरनेट कॅफे यांतून स्वस्त निवासामागील श्रमिक व बेघर माणसांचे वास्तव समोर येते. अशा विषयावर लिहिताना प्रतिक्रियेपेक्षा निरीक्षण, सरसकट विधानापेक्षा नेमका तपशील आणि दयेपेक्षा आदर महत्त्वाचा ठरतो.

७.४ शब्दार्थ

पांथस्थगृह – वाटसरूंच्या उतरण्याची जागा.
पारपत्र – परदेशप्रवासाचा परवाना, पासपोर्ट.
लवाजमा – सरदाराबरोबरचा सरंजाम व माणसे.
सरपण – जळाऊ लाकूड.
अनामत – जागा घेताना आगाऊ ठेवावी लागणारी रक्कम.
तातामी – गवती चटई. खोली मोजण्याचे जपानी माप.

७.५ स्वयं-अध्ययन प्रश्नांची उत्तरे

प्रश्न १ : (अ) १. ५३; २. होन्जिन. (आ) किचिन-यादोमध्ये प्रवासी स्वतःचा शिधा शिजवण्यासाठी लागणाऱ्या सरपणाचे पैसे देत असे.

प्रश्न २ : (अ) १. चूक, २. बरोबर, ३. चूक. (आ) शेवटची गाडी चुकलेले नोकरदार ओसाकातील एका सौना-स्नानगृहात रात्र काढत. त्यांच्या झोपण्याची नीट सोय व्हावी या गरजेतून १९७९ मध्ये कॅप्सूल हॉटेल निर्माण झाले.

प्रश्न ३ : (अ) निवारा या अर्थाच्या 'यादो' या शब्दाची अक्षरे उलटी करून 'दोया' हा शब्द तयार झाला. (आ) अर्थव्यवस्थेची तेजी ओसरल्याने बांधकामे घटली व मजूर वृद्ध झाले. दोयांत सरकारी साहाय्यावर जगणारे वृद्ध राहू लागले. काही मालकांनी आपल्या इमारती परदेशी प्रवाशांसाठी खुल्या केल्या. त्यामुळे एकाच वस्तीत गरजू आणि पर्यटक शेजारी आले.

७.६ सरावासाठी स्वाध्याय

१. 'निवासस्थान ही त्या समाजाची ओळख असते.' जपानमधील तीन निवासप्रकारांच्या आधारे या विधानाची चर्चा करा.
२. बिझनेस हॉटेल व कॅप्सूल हॉटेल यांची तुलना करा.
३. उतारा 'अ' मधील आशय कायम ठेवून त्याचे माहितीपर लेखनात पुनर्लेखन करा. सरसकट विधाने टाळा.
४. टीपा लिहा : (अ) किचिन-यादो (आ) शोजिन र्‍योरी (इ) नेटकॅफे निर्वासित.

७.७ क्षेत्रीय कार्य

तुमच्या गावातील वा जवळच्या शहरातील एखादी धर्मशाळा, भक्तनिवास अथवा बसस्थानकाजवळील लॉज यांना भेट द्या. व्यवस्थापकाची अनुमती घेऊन जागेची रचना, नियम, दर आणि येथे उतरणाऱ्यांचे प्रकार यांची नोंद करा. रात्रपाळीचे कामगार, रुग्णांचे नातेवाईक, परीक्षार्थी, यात्रेकरू असे निरनिराळे लोक तेथे का येतात, हे जाणून घ्या. कोणाचेही नाव वा खाजगी तपशील न देता सुमारे ३०० शब्दांचा लेख लिहा आणि संपर्कसत्रात आपल्या समंत्रकांसमोर वाचून दाखवा.